शेळीला इंजेक्शन कोणी द्यायचं?

नमस्कार. पशुसखींवरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'गावातल्या बायकांना चार दिवस शिकवून पशुसखी म्हणायचं आणि डॉक्टरांचं काम त्यांच्या गळ्यात मारायचं, हा स्वस्त उपचार नव्हे, जनावरांच्या जिवाशी खेळ आहे,' असं तुम्ही लिहिलंय. शिवाय विचारलंय, की सरकारी दवाखाना असताना हे कशाला?

पहिला मुद्दा मान्य. 'पशुसखी तापावर इंजेक्शनही देतात' हे वाक्य मी कौतुकानं लिहिलं होतं. ते आज काढलं. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करायचे ते नोंदणीकृत पशुवैद्यकानंच. पदविकाधारकांनाही किरकोळ सेवा त्यांच्या देखरेखीखालीच देता येतात. आणि कायदा नसता तरी, अंदाजानं टोचलेलं प्रतिजैविक दुधातून घरच्या पोराच्या पेल्यात उतरतं, याचा विचार मी करायला हवा होता.

पण दवाखान्याचं म्हणाल, तर तो आमच्या वाडीपासून १४ किलोमीटरवर आहे. आम्ही माण तालुक्यातले, घरटी दोन-चार शेळ्या. केसपेपरचे पैसे कुणाला जड नाहीत. टेम्पोचे ६०० रुपये जड आहेत, बुडालेली मजुरी जड आहे. म्हणून माणूस म्हणतो, सकाळपर्यंत बघू.

आंत्रविषारात, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषानं होणाऱ्या आजारात, तेवढी सवड नसते. तीन वर्षांपूर्वी पहिल्या पावसानंतर कोवळं गवत फुटलं, शेळ्या अधाशासारख्या चरल्या. संध्याकाळी आईच्या गाभण शेळीनं रवंथ थांबवला, रात्री ती पाय झाडत राहिली, पहाटे गेली. आई तिच्याजवळच बसून होती. पावसाळ्याआधी १४ दिवसांच्या अंतरानं दोनदा लस टोचली असती तर बहुधा वाचली असती. पण एका शेळीला लस द्यायला १४ किलोमीटर कोण नेतं?

आणि नेली तरी अडचण असतेच. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगावरच्या लसीची बाटली अनेक मात्रांची असते. एकदा द्रावण मिसळलं की ती दोनेक तासांत संपवावी लागते. एका शेळीसाठी डॉक्टर ती फोडणार कशी?

पशुसखीचं खरं काम इथे आहे. घरोघरी जाऊन शेळ्या-करडं मोजायची, गाभण कोणती ते लिहून ठेवायचं, डॉक्टरांना तारीख मागायची आणि त्या दिवशी ६० शेळ्या देवळापुढे गोळा करायच्या. लस डॉक्टरच टोचतात. त्यांची एक फेरी आणि एक बाटली ६० जणींत वाटली जाते, म्हणून ती स्वस्त पडते. डॉक्टरांऐवजी दुसरं कुणी टोचतं म्हणून नाही. हे मी लेखात नीट सांगितलं नव्हतं, त्यामुळे तुमचा गैरसमज झाला असेल तर दोष माझा.

बाकी त्या खुरं कापतात, पाण्याची भांडी घासायला लावतात, पोटफुगी दिसली की जनावरांच्या उपचारासाठीच्या १९६२ या मदत क्रमांकाला फोन लावून नेमकी लक्षणं सांगतात. आणखी एक गोष्ट, जी मला फार मोलाची वाटते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो, हळद-तूप लावतो. पण एरवी जू घासून खांदा सुजला तरी नांगर थांबत नाही. यंदा एका पशुसखीनं भावकीतल्या दोघांना सुजल्या खांद्याचे बैल आठ दिवस बांधून ठेवायला लावले. लोक तिच्यावर चिडले, ती हटली नाही. याला पदवी लागत नाही, पण जनावराचं दुखणं दिसावं लागतं.

तुम्ही स्वतः पशुवैद्यक आहात असं लिहिलंय. पशुसखींना काय करायचं आणि काय नाही, याचा दोन पानी कागद आम्ही बनवलाय. तो तुम्हाला पाठवू का? जे त्यांनी करू नये असं वाटेल त्यावर सरळ काट मारा. पुढचं लसीकरण मे महिन्यात आहे, त्याआधी कागद दुरुस्त करून घेतो.