३६ धावांचे गावसकर आणि पंतला दिलेला दम

नमस्कार. ‘गावसकरांवरचा लेख म्हणजे निव्वळ आरती. साठ षटकं खेळून ३६ धावा काढणारा माणूस आता समालोचनात ऋषभ पंतला मूर्ख म्हणतो, हे लिहायला विसरलात का? आणि त्यांचा तो मराठी सिनेमा कशाला उकरून काढलात?’ असं तुम्ही विचारलंत. विसरलो नव्हतो, टाळलं होतं. ती चूक माझी.

७ जून १९७५, लॉर्ड्स, विश्वचषकाचा साठ षटकांचा सामना. इंग्लंडच्या ४ बाद ३३४. गावसकर सलामीला आले आणि साठ षटकं संपली तेव्हा १७४ चेंडूंत ३६ वर नाबाद होते. चौकार एक. त्या डावाची बाजू मी घेणार नाही. १९८७ च्या विश्वचषकात नागपूरला ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या म्हणून तो पुसलाही जात नाही.

पण म्हणून त्यांनी पंतला बोलू नये, हे मला पटत नाही. डिसेंबर २०२४ ची मेलबर्न कसोटी आठवा. ऑस्ट्रेलियाच्या बोलंडला मागे उचलायला गेलेला पंतचा फटका हुकला, चेंडू पोटावर बसला. पुढच्याच चेंडूला पुन्हा तोच फटका, आणि डीप थर्डला, म्हणजे यष्टीमागे तिरक्या रेषेत सीमारेषेजवळ, लायनच्या हातात झेल. गावसकर तीनदा ‘स्टुपिड’ म्हणाले. शब्द कडक होता, मान्य. पण त्याच दमात कारणही सांगितलं: तिथे दोन क्षेत्ररक्षक लावलेत, आधीचा फटका हुकलाय, तरी पुन्हा तेच? बाद झाला हे तर आपल्यालाही दिसतं. का झाला, हे सांगायलाच तिथे माणूस बसवलेला असतो.

हा राग कुठून येतो? मार्च १९८७, बंगळूर, गावसकरांची शेवटची कसोटी. समोर पाकिस्तान, लक्ष्य २२१, खेळपट्टी अशी की चेंडू हातभर वळायचा, मध्येच उसळायचा. त्यावर हा माणूस पाच तासांहून जास्त उभा राहिला, ९६ केल्या. बाकी एकालाही तिशी गाठता आली नाही. इक्बाल कासिमने त्यांना काढलं आणि आपण १६ धावांनी हरलो. तो डाव मला आजही चुटपुट लावतो. एकेक चेंडू असा खाली दाबून खेळलेल्याला फुकट दिलेली विकेट जिवाला लागणारच.

राहता राहिला तो सिनेमा, ‘सावली प्रेमाची’. १९८० साली, कारकीर्द ऐन भरात असताना, मुंबईचा सलामीवीर मराठी सिनेमाचा नायक होतो, ही गोष्ट मला सोडवत नाही. नट म्हणून ते पुढे गेले नाहीत. १९८८ च्या ‘मालामाल’मध्ये तर गावसकर म्हणूनच दिसले. दुसऱ्याने लिहिलेली वाक्यं म्हणणं हा त्यांचा प्रांत नव्हताच. समालोचनात लिहून दिलेलं काही नसतं. पुढचा चेंडू पडायच्या आत जे सुचेल ते बोलायचं. तिथे ते रमले.

जून २०२५ मध्ये इंग्लंडात हेडिंग्लेला त्याच पंतने शतक ठोकून कोलांटी मारली, तेव्हा गावसकर तीनदा ‘सुपर्ब’ म्हणाले. हे आणि लॉर्ड्स, दोन्ही आज लेखात घालतोय. पंतचा मेलबर्नचा तो फटका तुम्हाला स्वतःला कसा वाटला, ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.