खुलासा : ‘सेट’चे ४३० अर्थ आणि जुना झालेला विक्रम

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतंय की इंग्रजीत सर्वाधिक अर्थांचा शब्द ‘सेट’, त्याचे ४३० अर्थ. ही माहिती जुनी आहे. ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ क्रियापदाची नोंद सर्वांत मोठी होती, हे खरं. पण २०११च्या सुमारास सुधारित नोंदीत ‘रन’ क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले.

आणि हे सगळे अर्थ एकमेकांपासून तुटलेले नाहीत. माणूस पळतो, नळ वाहतो, दुकान चालतं; इंग्रजीत तिन्हींना ‘रन’च. कोशकार प्रत्येक छटा वेगळी मोजतात. आपलं ‘लागणे’च बघा ना : भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, मे महिन्यात बर्डीच्या बाजारात फिरलं की ऊन लागतं. पोरांच्या वहीत ‘सेट’ लिहिलं असेल, तर आजच दुरुस्त करा.