गदिमांची गीतसूची म्हणे आठवड्यात होते!

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. गदिमांच्या, म्हणजे कवी-गीतकार ग. दि. (गजानन) माडगूळकरांच्या, सगळ्या गाण्यांची सूची करायला संशोधक बिंशोधक कशाला, चित्रपटांची यादी घ्या, त्यातली गाणी एक्सेलमध्ये टाका, अभंग-लावण्या जुन्या कवींच्या असतात त्या उडवा, वर गीतरामायणाची ५२ मिळवा, आठवड्यात काम फत्ते. लिहिणाऱ्याने स्वतः दहा ओळी तरी भरून बघितल्यात का, शंका आहे.

आधी ते अभंग उडवायचं बघू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. ‘इंद्रायणी काठी’ कुणाचं विचारा, निम्मे लोक तुकोबा म्हणतील, उरलेले ज्ञानोबा. ते गदिमांचं आहे, ‘गुळाचा गणपती’साठी (१९५३) लिहिलेलं, संगीत पुलंचं, आणि भीमसेनांनी ते असं काही गायलंय की सिनेमातलं आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. ‘कानडा राजा पंढरीचा’ची तीच गत. काही ठिकाणी ते चक्क नामदेवांच्या नावावर टाकलंय. अहो, शेवटचं कडवं तरी वाचा! त्यात नाम्याची खीर आहे, चोखोबांची गुरं आहेत, आणि पुढे पुरंदरदासही आलेत, जे नामदेवांच्या समाधीनंतर शंभरावर वर्षांनी जन्मले. नामदेव त्यांच्यावर कसे लिहिणार? ‘विठ्ठला तू वेडा कुंभार’ पण गदिमांचंच, ‘प्रपंच’मधलं. म्हणजे ‘अभंग उडवा’ म्हटलं की त्यांची सगळ्यात गाजलेली गाणीच आधी उडणार.

बरं मग उडवू नका, सगळं त्यांच्याच नावावर टाका, तेही जमत नाही. ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) घ्या, ‘सुंदरा मनामध्ये भरली’ खुद्द राम जोशींची, पेशवाईतली, आणि त्याच सिनेमात गदिमांनी त्याच थाटात लिहिलेल्या रचना. नुसतं कानाने ऐकून वेगळं करणं भल्याभल्यांना जड जातं, छापील पोथीशी ताडूनच बघावं लागतं.

सिनेमा गदिमांचा म्हणजे गाणी गदिमांची, हेही खोटं. ‘घरकुल’मध्ये ‘पप्पा सांगा कुणाचे’ त्यांचं, पण ‘मलमली तारुण्य माझे’ सुरेश भटांचं. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा गदिमांची, गाणी भरत व्यासांची. आणि ‘सांगत्ये ऐका’ची तर गंमतच, पटकथा धाकटे भाऊ व्यंकटेश, गाणी थोरले गजानन म्हणजे गदिमा, आणि नेटवरच्या याद्यांत कधीकधी नुसतंच ‘माडगूळकर’. ‘बुगडी माझी सांडली गं’ कुठल्या माडगूळकरांची हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार?

साल कुठलं धरायचं हाही प्रश्न आहेच. ‘घरकुल’ १९७०चा, पण त्यातलं ‘कोन्यात झोपली सतार’ ही मुळात ‘जोगिया’ कविता, त्याच नावाचा संग्रह १९५६चा. माझं मत विचाराल तर नोंद एकच करावी, कवितेची, आणि सिनेमा तिच्याखाली लिहावा. काहीजण दोन करतात, मग ‘एकूण गाणी किती’चा आकडा प्रत्येकाचा वेगळा येतो आणि भांडणं लागतात.

राहिलं गीतरामायण. ५२ नाही हो, ५६! पुणे आकाशवाणीवर १९५५च्या रामनवमीला सुरू झालं ते पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला नवं गीत, आणि त्या वर्षी भाद्रपद अधिक आला म्हणून चार वाढली. मेसेजवाल्याने आठवडे मोजले, पंचांग बघितलं नाही. शिवाय गायकाच्या रकान्यात बाबूजींचं (संगीतकार सुधीर फडके) नाव टाकून ते खाली ५६ ओळींपर्यंत ओढून चालत नाही. ती सगळी त्यांच्या आवाजात आली ती नंतरच्या रेकॉर्डमध्ये, मूळ प्रसारणात माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक होते. एकेका गीतापुढे पहिल्यांदा कोण गायलं हे लिहायचं तर तिथेच आठवडा संपतो.