'फक्त व्यापारी' म्हणे!

सकाळी सकाळी डोकं फिरलं. फॅमिली ग्रुपवर आमच्या मावसभावाने टाकलंय, "डचांकडून शिका. नुसता व्यापार केला, म्हणून आज श्रीमंत." खाली अंगठ्यांची रांग.

हाच दादा ॲमस्टरडॅमला कालव्यातल्या बोटीत माझ्या शेजारी बसला होता. भाचीने हौसेने नेलं होतं. कानातल्या यंत्रात सुवर्णयुगाचं कौतुक चाललेलं. मग विनोद आला, की एका जायफळाच्या बेटासाठी डचांनी न्यूयॉर्क सोडलं! सगळी बोट हसली. दादा तर सगळ्यात मोठ्याने. आणि या माणसाच्या वेंगुर्ल्याच्या बागेत माडांखाली जायफळं लागतात!

बांदा बेटं. आपलं सावंतवाडीजवळचं बांदा नव्हे, इंडोनेशियातली. त्या काळी जगाला जायफळ मिळायचं ते तिथूनच. तिथले लोक येईल त्याला माल विकत. १६०२ साली निघालेल्या डच कंपनीला तो एकटीलाच हवा होता. करार केले, तेही त्या लोकांना वाचता न येणाऱ्या भाषेत. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून जहाजं घेऊन उतरला. बेटांवरच्या ४४ प्रमुखांची डोकी भाडोत्री जपानी सैनिकांकरवी उडवली. पंधराएक हजार वस्ती होती, उरले जेमतेम हजार. बाकीचे कापले गेले, उपाशी मेले, पळाले, नाहीतर गुलाम म्हणून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, गेले. मोकळ्या झालेल्या बागा गोऱ्या मळेवाल्यांना वाटल्या आणि राबायला दुसरीकडून गुलाम आणले.

नुसता व्यापार!

हो, बांदाच्या लोकांनीही करार मोडले, त्याआधी एका डच अधिकाऱ्याला मारलंही. बरं मग?

आणि तो बोटीतला विनोद. बेटाचं नाव रन, याच बांदा बेटांपैकी. ते इंग्रजांकडे होतं, म्हणून डचांनी तिथली जायफळाची झाडंच तोडून टाकली. मग १६६७ च्या तहात रन डचांना, मॅनहॅटन, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कचं बेट, इंग्रजांना. दोन्हीकडच्या मूळ माणसांना विचारलं कोणी? यात हसण्यासारखं काय होतं, दादा?

डच राजाने २०२३ मध्ये गुलामगिरीबद्दल माफी मागितली, तेवढं मान्य. कूनचा पुतळा मात्र नेदरलँड्समधल्या होर्न गावात अजून दिमाखात उभा आहे. खाली टीकेची पाटी लावलीय, झालं.

लिहिता लिहिता दादावरचा राग जरा उतरलाय. त्याला तरी कोणी सांगितलं होतं? आम्ही दोघं वेंगुर्ल्यात डच वखारीच्या पडक्या भिंतींवर चढउतार करत वाढलो. वखार याच कंपनीची. शाळेत इतिहास शिकवताना गुरुजींनी एकदाही त्या भिंतीकडे बोट दाखवलं नाही.

पण म्हणून आता, नातवंडं असलेल्या ग्रुपवर हे असलं? तिथे मी काही लिहिलेलं नाही, उगाच मावशीचा फोन येईल. रविवारी बागेत जाणारच आहे, तेव्हा तोंडावर बोलेन.

आणि कॉमेंटमध्ये 'पण गोऱ्यांनी रेल्वे आणली' लिहायला निघालेल्यांनो, बांदाला रेल्वे नव्हती हो.