आमच्या घरातील दोषांची मासिक खरेदी

माणसाच्या काखेला रंग असतो आणि तो चुकीचाही असू शकतो, ही माहिती मला पंचेचाळिशी ओलांडल्यावर एका जाहिरातीतून मिळाली. पडद्यावरील तरुणी बिनबाह्यांचा पोशाख घालूनही हात वर करायला कचरत होती. मग तिने काखेत काहीतरी फिरवले, काख उजळली, हात उंचावला आणि आसपासच्या समस्त तरुणांचे आयुष्य मार्गी लागले. मी कित्येक वर्षे डोंबिवलीहून लोकलने कचेरी गाठते. सकाळच्या फास्ट लोकलच्या महिला डब्यात कडी धरायला हात वर काढता आला, तर त्याच्याखाली कोणता रंग आहे याची चौकशी कोणी करीत नाही. तो हात आपलाच आहे एवढी खात्री पटली तरी पुरते. तरीही त्या रात्री मी आरशासमोर हात वर करून उभी राहिले, आणि पाणी प्यायला उठलेल्या सासूबाईंनी "खांदा धरला का गं?" असे विचारून शेकायची पिशवी आणून दिली.

या चिंतेची वंशावळ फार जुनी नाही. अमेरिकेत बिनबाह्यांच्या पोशाखांची टूम निघाली, तेव्हा १९१५ मध्ये जिलेट कंपनीने खास बायकांसाठी वस्तरा काढला आणि तोवर कोणाच्या अध्यातमध्यात नसलेले काखेतले केस ही एकाएकी लाजिरवाणी बाब झाली. पुढची गंमत अशी, की वस्तऱ्याने आणि काही सुगंधी फवाऱ्यांनी तिथली त्वचा चिडली की ती काळवंडू शकते, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे पहिल्या उपायातून दुसरा दोष जन्माला येतो आणि दुसऱ्या दोषासाठी बाजारात तिसरी बाटली तयारच असते. लिस्टरीन हे मुळात शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचे जंतुनाशक. १९२०च्या दशकात त्याच्या मालकांनी तोंडाच्या वासाला 'हॅलिटोसिस' असे भारदस्त नाव शोधून काढले आणि या व्याधीपायी जिचे लग्न जुळत नाही अशी एक दुःखी मुलगी छापली. मुलीचे लग्न अडले की काहीही खपते, हे शहाणपण केवळ आपल्याकडचे नाही हे वाचून मला थोडे बरे वाटले.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या घरी सामानाची यादी होते. डाळ, तांदूळ, गूळ हा भाग चटकन उरकतो, कारण तूरडाळीने अजून कोणाच्या आत्मविश्वासाला हात घातलेला नाही. खरी कसोटी लागते ती न्हाणीघराच्या सामानाला. तिथे प्रत्येकाने आपापला दोष सांगायचा आणि मी तो लिहून घ्यायचा, असा रिवाज पडला आहे. कन्येची त्वचा कपाळावर तेलकट आणि गालांवर कोरडी आहे, त्यामुळे एकाच चेहऱ्याला दोन नळ्या लागतात. चिरंजीवांचे केस निर्जीव आहेत. (त्वचेबाहेर आलेला केस हा निर्जीवच असतो, हे मी त्याला पुस्तक काढून दाखवले, त्यावर "म्हणूनच तर आणायला सांगतोय" असे उत्तर मिळाले.) आणि माझ्या नवऱ्याची त्वचा 'पुरुषी' आहे. हा दोष आहे की गुण, हे त्याला नक्की सांगता येत नाही. पण त्यावर उपाय करायला हवा, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही.

पुरुषांच्या मांडणीसमोर उभे राहिले की आपण चुकून गाड्यांच्या गॅरेजात शिरलो असे वाटते. बाटल्या काळ्या, अक्षरे चंदेरी, आत कोळसा, बर्फ नाहीतर ज्वालामुखीची माती, आणि वर असा दावा की हे द्रव्य धूळ, धूर, प्रदूषण यांच्याशी लढते. माझा नवरा घरून काम करतो. त्याच्या चेहऱ्यावर आक्रमण करू शकेल अशी एकच गोष्ट आमच्या घरात आहे, ती म्हणजे फोडणीचा ठसका, आणि फोडणी सुरू झाली की तो दार लावून घेतो. एकदा मी चष्मा लावून त्याच्या काळ्या बाटलीमागची आणि कन्येच्या गुलाबी नळीमागची बारीक अक्षरे शेजारी शेजारी धरून वाचली. पाणी, ग्लिसरीन, फेस आणणारी द्रव्ये, सुगंध अशी बहुतेक मंडळी दोन्हीकडे गुण्यागोविंदाने नांदत होती. पुरुषाच्या वाट्याला तेवढा कोळसा जास्त होता. वस्तऱ्यांच्या बाबतीत न्याय उलटा आहे. मी पाहिले त्या मांडणीवर तीच पाती गुलाबी मुठीत बसली की महाग झाली होती, आणि मुठीवर फुलपाखरू असेल तर विचारायलाच नको.

गोरेपणाच्या मलमाची कथा याहून सुरस आहे. फेअर अँड लव्हली हे मलम भारतात १९७५ मध्ये आले ते बायकांसाठी. तीस वर्षांनी, २००५ मध्ये, कोलकात्याच्या इमामी कंपनीने पुरुषांसाठी फेअर अँड हँडसम काढले आणि त्याच्या जाहिरातींत बायकांचे मलम चोरून लावणारा पुरुष दाखवला. तोवर त्या बिचाऱ्याला फक्त सावळेपणाची लाज होती. आता आपण बायकांची नळी दाबतो याचीही लाज वाटू लागली. खरे सांगायचे तर पहिली लाज काही कंपन्यांनी परदेशातून आणलेली नाही. आमच्या लग्नाच्या वेळी सासरी पाठवलेल्या माहितीपत्रकात 'वर्ण' नावाचा रकाना होता आणि त्यात माझ्या वडिलांनी बराच विचार करून 'निमगोरा' असे लिहिले होते. ते वाचून, मुलगी उन्हात दाखवू नये अशी सूचना मामांनी केली होती. कंपन्यांनी एवढेच केले, की आमच्या घराघरांत फुकट मिळणारा न्यूनगंड नळीत भरून छापील किमतीला विकायला काढला. सावळ्या विठ्ठलाला मात्र अजून कोणी नमुना पाठवलेला नाही, हे वारकऱ्यांचे नशीब.

जाहिरातींवर नजर ठेवणारी एक परिषद १९८५ पासून मुंबईत आहे. तिने २०१४ मध्ये नियम केला की गोरेपणाच्या जाहिरातीत सावळी व्यक्ती दुःखी, खिन्न किंवा अनाकर्षक दाखवू नये. या नियमाचे पालन कसे होते, हे मी बारकाईने पाहिले. पूर्वी मलम लावण्याआधी मुलगी रडवेली असे आणि नंतर हसे. आता ती आधीही हसते आणि नंतरही हसते, फक्त मधल्या काळात कोणीतरी खोलीतला दिवा मोठा करते. २०२० मध्ये त्या जुन्या मलमाच्या नावातला गोरेपणाही गेला आणि त्या जागी 'ग्लो' आला. कन्येने मला समजावले की आता गोरे नव्हे, तर तेजस्वी व्हायचे असते. तेज म्हणजे नक्की काय, असे विचारल्यावर तिने भ्रमणध्वनीवर दोन छायाचित्रे दाखवली, ती मला गोरेपणाच्या जुन्या चित्रांइतकीच ओळखीची वाटली.

इथवर हसता येते. पण लग्न ठरलेल्या मुली एकमेकींना औषधांच्या दुकानातली जी मलमे सुचवतात, त्यांतल्या काहींमध्ये स्टिरॉइड असते. ती लावल्यावर चेहरा काही आठवडे खरोखर उजळतो आणि पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरुमे येतात, क्वचित केसही उगवतात. आणि मलम थांबवले की सगळे आणखी बिघडते, म्हणून ते थांबवताही येत नाही. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा आदेश काढला. चिठ्ठीशिवाय काय काय मिळते, हे ज्याला औषधांचे दुकान ठाऊक आहे त्याला सांगायला नको.

कपडे धुण्याच्या भुकटीच्या जाहिरातीतील आई हा माझा खासगी शत्रू आहे. मुलगा चिखलाने माखून येतो आणि ही बाई कौतुकाने हसते. मी डोंबिवलीच्या पावसाळ्यात, पाणी जायला दहा मिनिटे उरलेली असताना चिखलाचा सदरा पाहिला आहे आणि मी हसलेले नाही. २०१५ मध्ये एरियलच्या जाहिरातींनी नवऱ्यांनीही धुण्याचा भार उचलावा असा प्रश्न विचारला, ते चांगलेच झाले. आमच्याकडे त्याचा परिणाम असा झाला की नवऱ्याने एका रविवारी यंत्र लावले, कपडे फिरत असताना समोर खुर्ची टाकून बसला, आणि संध्याकाळी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्याने यंत्रातील निरनिराळ्या आवर्तनांची माहिती दिली. कपडे वाळत घालणे हा विषय जाहिरातीत नव्हता, त्यामुळे तो त्याच्याही कार्यक्रमात नव्हता.

दात घासण्याच्या लगद्याचे मात्र मी मनावर घेतले. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐटदार लाट काढलेली असते. दंतवैद्यांच्या मते मोठ्या माणसाला वाटाण्याएवढा लगदा पुरतो. हे घरात जाहीर केल्यावर चिरंजीवांनी मला कंजूष ठरवले.

त्याच चिरंजीवांना सध्या रुबाबाची ओढ लागली आहे आणि रुबाब वेलदोड्यात असतो असा त्याचा समज आहे. हा समज त्याने स्वतः करून घेतलेला नाही. तंबाखूच्या जाहिरातींवर २००३च्या कायद्याने बंदी आली आणि गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे. म्हणून त्या घराण्यांची नावे आता वेलदोड्याच्या आणि पानमसाल्याच्या पुड्यांवर झळकतात. पडद्यावर मोठमोठे नट काळे चष्मे लावून, मागे जळणारी मोटार ठेवून, गंभीर चेहऱ्याने वेलदोडा तोंडात टाकतात. आमच्या मसाल्याच्या डब्यात वर्षानुवर्षे वेलदोडे आहेत आणि ते खाऊन श्रीखंडापलीकडे कोणाचीही प्रगती झालेली नाही. मी मुलाला डब्यातले दोन काढून दिले, तर तो म्हणाला, "आई, हे नाहीत, ते पुडीतले." त्या पुडीच्या नावाखाली पानटपरीवर आणखी काय मिळते, हे त्याला आजच ठाऊक आहे, जाहिरातीचे काम तिथेच फत्ते झाले. सासूबाईंनी त्याला जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण परिणामकारक होते.

या महिन्यापासून मी लेखनिकाचे काम सोडले आणि ज्याने त्याने आपापले स्वतःच्या हाताने लिहावे, असे सांगून कागद फ्रीजवर लावला. कन्येने दोन नळ्यांच्या खाली तिसरी, डोळ्यांखालच्या भागासाठी, वाढवली. चिरंजीवांनी 'केस' एवढेच लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले. सासूबाईंनी 'डाळीचे पीठ, अर्धा किलो' असे लिहिले आणि ते भज्यांसाठी की अंगाला लावायला, हे सांगायचे टाळले. सर्वांत शेवटी नवऱ्याने सुवाच्य अक्षरात लिहिले, "मला काहीही चालेल. फक्त बाटली काळी असावी."