भाचीच्या ट्यूटूबद्दल, जरा सविस्तर

सकाळी भाचीचा फोटो टाकला. सोळा वर्षांची पोर, तालमीचा पांढरा ट्यूटू, म्हणजे बॅले नाचणारीचा जाळीचा घेरदार स्कर्ट, कपाळावर घामाने चिकटलेले केस. त्याखाली एका जुन्या मैत्रिणीची कमेंट आली, "बाईची बाहुली करणारा पोशाख. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्यावर भराभर लाइक पडले. लाइक देणारे सगळे आपलेच. मोर्च्याला येणारे, घरकामाच्या बाईंच्या भरपगारी सुट्टीसाठी सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणारे. म्हणूनच डोकं फिरलं. परक्या कुणी लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं.

उत्तर लिहायला बसले, ते लांबत गेलं, म्हणून इथे स्वतंत्र टाकतेय.

माझं सगळं आयुष्य नाटकाच्या कपडेपटात गेलं. कुठलाही पोशाख हातात आला की मी तो आधी उलटा करून बघते. काही वर्षांपूर्वी लेकीकडे लंडनला गेले होते तेव्हा तिच्या ओळखीने एका बॅले कंपनीच्या कपडेपटात जायला मिळालं. दांडीवर ट्यूटू ओळीने उलटे टांगलेले, जाळी लोंबू नये म्हणून. तिथल्या बाईंनी एक काढला, टेबलावर पालथा घातला आणि बाजूला झाल्या. बघ म्हणाल्या, हवं तितकं.

आत चड्डी. सगळी जाळी त्या चड्डीवर शिवलेली. दहा-बारा थर, मांडीलगतचा जेमतेम बोटभर, मग वरचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. थर एकमेकांत सैल टाक्यांनी अडकवलेले. टाका आवळला तर जाळी चुरगळते, फार सैल सोडला तर थर फाकतात, ते सगळं बोटांच्या अंदाजाने. मधल्या एका थरात पोलादी तारेची कडी ओवलेली. पाठीवर हुकांची रांग आणि समोर ते अडकवायला दोन रांगा, म्हणजे आज एका मापाची मुलगी घालेल, उद्या दुसऱ्या. कमरेच्या आतल्या बाजूला कापडी पट्टी, तिच्यावर शाईने नाव. नावावर रेघ. खाली दुसरं नाव, त्यावरही रेघ. मग तिसरं. शेवटच्या नावावर रेघ नव्हती. काखेत घामाचे पिवळे डाग. धुता येत नाही, म्हणून प्रयोग झाला की आतून व्होडका फवारतात, वास मारायला.

बाहुलीच्या कपड्याला घामाचा वास येतो का हो?

ज्या कपड्यात माणूस राबतो तो कामाचा कपडा, एवढं साधं आहे माझं म्हणणं. लावणीवाली नऊवारीचा कासोटा आवळून बांधते तो पाय मोकळे राहावेत म्हणून, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मग पॅरिसच्या किंवा पीटर्सबर्गच्या नाचणारणीनेही तोच हिशोब केला असेल, हे का सुचत नाही?

१८३२ च्या मार्चमध्ये पॅरिस ऑपेरात मारी तालिओनी 'ला सिल्फिद' या बॅलेत उभी राहिली. बापाने बसवलेला नाच, पोटऱ्यांपर्यंत येणारा पांढरा, तलम, घंटेच्या आकाराचा स्कर्ट. ती चवड्याच्या टोकावर उभी राहायची, आणि ते दिसायला घोटा उघडा हवा. तिथून पुढची पन्नास-साठ वर्षं स्कर्ट वर-वर जात राहिला, आणि तो वर नेणाऱ्यांत नाचणाऱ्या बायकाच पुढे होत्या. १८८५ मध्ये व्हर्जिनिया झुक्की इटलीहून पीटर्सबर्गला गेली आणि तिथला लांब स्कर्ट घालायला तिने साफ नकार दिला. तिच्या पायांचं काम त्यात झाकलं जात होतं. दहा वर्षांनी, १८९५ ला, तिच्याच देशातल्या पिएरिना लेन्यानीने 'स्वान लेक'मध्ये एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या. दुसरा पाय प्रत्येक गिरकीला चाबकासारखा फिरतो. लांब स्कर्टात हे करून बघा. आणि या छोट्या, आडव्या ट्यूटूत चूक लपत नाही, गुडघा केसभर वाकला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसतो. इतका निर्दय पोशाख स्वतःहून मागून घेणारी बाई बाहुली असते?

पॅरिसमध्ये वर्गणीदार पुरुषांना रंगमंचामागच्या दालनात नाचणाऱ्या मुलींना भेटायची मुभा होती, त्यातल्या बऱ्याच मुली गरिबाघरच्या होत्या, आणि एदगार दगा या चित्रकाराच्या चित्रांत ते काळे कोट घातलेले पुरुष उभे दिसतात. हे खरं आहे, मान्य. पण त्यात गुन्हा कोटांचा आहे, जाळीचा नाही.

आता एमा लिव्हरीबद्दल. हे मी शांतपणे लिहू शकत नाही.

तालिओनीची लाडकी शिष्या. तिच्यासाठी गुरूने १८६० मध्ये 'ल पापियों' बसवला, त्यात ती फुलपाखरू होते आणि ज्योतीवर पंख जाळून घेते. तेव्हा ऑपेरात उघड्या ज्योतीचे गॅसचे दिवे होते. लंडनमध्ये क्लारा वेबस्टर ही नर्तकी १८४४ ला रंगमंचावरच्या दिव्यावर पेटून गेली होती. ठिणगी पडायचा अवकाश, की जाळी पेटायची. कापड रसायनात बुडवून आगरोधक करायची पद्धत निघाली होती, सरकारने हुकूमही काढला होता. पण तसं केलेलं कापड ताठर आणि मळकट दिसायचं, आणि एमाने ते घालायला नकार दिला. १५ नोव्हेंबर १८६२ ला तालमीत तिने स्कर्ट झटकला, बाजूच्या दिव्याने तो धरला. पुढचे आठ महिने ती यातना भोगत होती. जुलै १८६३ मध्ये गेली. विशीतली पोर. त्या पोशाखाचे जळके अवशेष ऑपेराच्या संग्रहालयात ठेवले आहेत.

नकार तिचाच होता, हो, म्हणू शकता तुम्ही. पण मळका, ताठ स्कर्ट घालून उभ्या राहिलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी कोण विचारणार होतं? दिवे झाकणं कुणाचं काम होतं? थिएटरचं. व्यवस्थापकांचं. बाईने कपडा निवडला की दोष कपड्याचा आणि बाईचा. हा न्याय आपल्याला इतर सगळीकडे ओळखता येतो, मग इथेच का नाही? मला सारखी ती नावांची पट्टी आठवते. एमाच्या स्कर्टाला तशी पट्टी होती की नाही, कोण जाणे. पण जिने तो शिवला असेल त्या शिंपिणीचं काय झालं असेल त्या रात्री, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

चहा करून आले. आता जरा बरं वाटतंय.

शिवणाऱ्यांची गोष्ट निघाली तर कारिन्स्काबद्दल लिहायलाच हवं. बार्बरा कारिन्स्का, जन्म खार्किवचा, पुढे न्यूयॉर्कला बॅलन्शिन या नृत्यदिग्दर्शकाच्या नाचांचे पोशाख करणारी. १९५० मध्ये 'सिम्फनी इन सी'साठी तिने ट्यूटूतली तारेची कडीच काढून टाकली. रंगमंचावर मुलींची गर्दी, कड्या एकमेकींना आपटून वाकायच्या. तिने थर आखूड केले, मऊ केले, तरीही ते उभे राहिले. आणि चोळीच्या बाजूच्या कळ्या तिने उरेब, म्हणजे तिरक्या कापल्या, त्यामुळे कापड ताणलं जातं आणि मुलीला श्वास पोटभर घेता येतो. ज्यांनी कधी उरेब कापड कापलंय त्यांना कळेल ते सरळ शिवणं काय दिव्य असतं. लंडनमध्ये त्या पालथ्या ट्यूटूच्या कुशीवर बोट फिरवलं तेव्हा कापड तिरकं ताणलं गेलं, आणि मला खरंच भरून आलं. नाचणारीच्या फुप्फुसांचा विचार करून कुणीतरी कात्री तिरकी चालवली होती.

बॅलेच्या बुटांना गोऱ्या कातडीचा गुलाबी हाच 'नैसर्गिक' रंग धरला गेला, यावर मात्र माझं काहीच उत्तर नाही. लंडनमध्ये ब्राउन आणि ब्राँझ रंगाचे पॉइंट शूज, म्हणजे चवड्याच्या टोकावर उभं राहायचे बूट, नेहमीच्या मालात मिळायला २०१८ उजाडलं. भाची तिचे बूट घरी मेकअपचं फाउंडेशन लावून स्वतःच्या रंगाचे करते. ते बघून चिडा, मी तुमच्याबरोबर आहे. बाजारातल्या चमकीच्या गुलाबी फ्रॉकांवर चिडा, तेही मला आवडत नाहीत.

पण त्या पट्टीवरच्या मुलींवर नको. अ‍ॅना पाव्हलोवा ही रशियन बॅले नर्तकी १९२० च्या दशकात मुंबईत नाचून गेली, आणि तिच्या प्रोत्साहनाने पुढे आलेल्या कथक नर्तकी मेनकाबाईंनी नंतर खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. चांगल्या घरच्या बाईने नाचावं की नाही यावर तेव्हाही इथे भरपूर कमेंटा होत्याच.

भाचीला परीक्षेआधी नवा ट्यूटू हवाय आणि तो मी शिवणार आहे. लेहेंग्याखाली लावतात ती कॅनकॅन जड पडते, आडवी धरली की कडा खाली येते. हलकी पण कडक, चमकी नसलेली पांढरी नेट मंगळदास मार्केटला किंवा दादरला कुणाकडे मिळते, माहीत असेल तर दुकानाचं नाव खाली टाका. बरीच मीटर लागेल, त्यामुळे घाऊक भावाने देणारा असेल तर फारच बरं.