‘सबवूफर कुठेही ठेवा’: एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

चवथीच्या खरेदीच्या दिवसांत म्युझिक सिस्टिमविषयीचा एक सल्ला मोबाइलवरून हातोहात फिरतो. खर्जाच्या आवाजाला दिशा नसते, म्हणून सबवूफर (खर्जाचे स्वर वाजवणारी स्पीकरची पेटी) खोलीत कुठेही ठेवावा. कोपऱ्यात ठेवल्यास फुकटात दुप्पट बेस मिळतो. उणेअधिक राहिलेच तर इक्वलायझर (वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांची पातळी कमीजास्त करणारे साधन) ते सावरून घेतो. आणि घुमण्याचा त्रास जाड पडद्यांनी संपतो, असे त्याचे म्हणणे आहे.

दिशेविषयीचे विधान बरेचसे बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. 80 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे 4.3 मीटर असते, त्यामुळे आवाज कोणत्या बाजूने आला हे बंद खोलीत कानाला सहसा ओळखता येत नाही. परंतु उगम न ओळखता येणे वेगळे आणि त्या उगमापासून आपल्या खुर्चीपर्यंत किती आवाज पोहोचतो हे वेगळे. शिवाय क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे स्वर सबवूफरकडे जातात ती मर्यादा) 120 हर्ट्झवर ठेवला असेल, तर पुरुष गायकाच्या आवाजातील भरदारपणा सबवूफरच्या दिशेने ओढला जातो, आणि शेजारच्या शोकेसची काच थरथरू लागली की पेटी कुठे दडवली आहे हे पाहुण्यालाही कळते.

कोपऱ्याच्या दाव्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागेल. पेटीजवळची प्रत्येक भिंत खर्जाची पातळी तत्त्वतः 6 डेसिबलपर्यंत वाढवते, हे खरे. परंतु ही वाढ सर्व स्वरांना सारखी मिळत नाही. 5 मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि 3 मीटर उंच अशी बंद खोली घेतली, तर गोव्याच्या हवेत तिचे पहिले अनुनाद (समोरासमोरच्या भिंतींमध्ये, तसेच जमीन आणि छत यांमध्ये, अडकून घुमणारे स्वर) अनुक्रमे 35, 50 आणि 58 हर्ट्झच्या आसपास पडतात. कोपरा ही अशी जागा आहे, की तेथून हे तिन्ही अनुनाद एकाच वेळी पुऱ्या जोराने चेतवले जातात. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर 41 हर्ट्झचा स्वर निघतो आणि तिच्याच तिसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) 49 हर्ट्झचा. या खोलीत पहिला स्वर बेताचा वाटेल आणि दुसरा, वादकाने तितक्याच हलक्या हाताने छेडलेला असूनही, भिंतीलगतच्या सोफ्यावर बसलेल्याच्या छातीवर आदळेल. नेमक्या मध्यभागी बसणाऱ्याची गत उलटी होते. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींच्या पहिल्या अनुनादांचा निस्पंद (जेथे तो स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही ती जागा) खोलीच्या मध्यावर येत असल्यामुळे त्याला बेस हरवल्यासारखा वाटतो, आणि मग तो आवाज आणखी वाढवतो.

घराची बांधणीही येथे आड येते. फोंड्याकडच्या जुन्या घरातील चिऱ्यांच्या जाड भिंती खर्ज जवळजवळ पूर्ण परतवतात, पण माळा नसलेल्या कौलारू छपरातून त्यातला बराच भाग बाहेर निघून जातो. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये स्लॅबमुळे ती वाटही बंद असते. लहान सबवूफर मोठ्या, एका बाजूने उघड्या हॉलमध्ये चालवायचा असेल, तर कोपरा उपयोगी पडतो. सरसकट सल्ला म्हणून तो टिकत नाही.

इक्वलायझर जास्त घुमणाऱ्या स्वरांचे उंचवटे कापतो आणि ते काम चांगले करतो. हरवलेल्या स्वराचा खड्डा मात्र त्याच्याने भरत नाही, कारण तेथे थेट लहर आणि परावर्तित लहर परस्परांना खोडत असतात. जोर वाढवला की दोन्ही सारख्याच वाढतात. 10 डेसिबल चढवण्यासाठी ॲम्प्लिफायरला दहापट शक्ती खर्चावी लागते, ती निष्फळ. पडद्यांबद्दल इतकेच, की 40 हर्ट्झच्या लहरीचा चतुर्थांशच दोन मीटरांहून अधिक लांब असतो, तिला कापडाची जाडी जाणवतही नाही.

जागा ठरवण्याची खरी रीत थोडी हास्यास्पद दिसते. सबवूफर नेहमीच्या खुर्चीवर ठेवावा, खर्जाचे सलग स्वर असलेले ओळखीचे ध्वनिमुद्रण लावावे आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगत फिरावे. जेथे सर्व स्वर सारख्या जोराचे ऐकू येतील, तेथे पेटी न्यावी. उगम आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी त्या दोन बिंदूंमधील प्रतिसाद तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते, आणि पेटी जमिनीवर राहणार असल्यामुळे कानही तेवढ्याच उंचीवर न्यावे लागतात. एकापेक्षा अधिक जणांनी ऐकायचे असेल, तर एका मोठ्या पेटीऐवजी दोन लहान पेट्या समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवणे श्रेयस्कर. ध्वनियंत्रे बनवणाऱ्या हार्मन कंपनीतील संशोधक टॉड वेल्टी यांनी 2002 साली अनेक सबवूफरांच्या मांडण्या तपासल्या, तेव्हा ही मांडणी सर्वांत किफायतशीर मांडण्यांपैकी ठरली.

पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला पेटीची पाठ टेकवू नये, कारण ॲम्प्लिफायर बहुधा मागेच असतो; वीतभर अंतर पुरे. ओलीच्या धास्तीने ती मीटरभर पुढे ओढली, तर मागच्या भिंतीवरून परतणारी लहर 87 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे क्रॉसओव्हरच्याच पट्ट्यात, नवा खड्डा पाडते.